खवीस सरांच्या खिडक्या

खवीस सर नमस्काराला उत्तर देत नसत. सकाळी महापेच्या ऑफिसात शिरताना आपण हसून "गुड मॉर्निंग सर" म्हणावं, तर ते आपल्या तोंडाकडे बघतच नसत, हातांकडे बघत. हात स्वच्छ असले तर म्हणायचे, "काल काम नाय केलंस वाटतं." हात काळे असले तर, "तुमच्या कोपरखैरन्याला पानी येत नाय काय?" यांना पसंत पडतील असे हात कुणाचे असतात हे मला तिथे असेपर्यंत कळलं नाही, आणि पुढेही कळून घ्यावंसं वाटलं नाही.

मी त्यांना 'ते' म्हणते, 'सर' म्हणते, ती निव्वळ सवय आहे. आदर नाही. 'खवीस' हे नाव माझ्या आधीच्या लोकांनी ठेवलेलं होतं आणि ते इतकं चपखल होतं की माझ्यासारख्या नव्या मुलीला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनाही ते माहीत होतं. एकदा आमचा शिपाई घाईत म्हणून गेला, "खवीस सर, फोन आहे." सगळं ऑफिस गार पडलं. सरांनी मान वर न करता विचारलं, "कोनाचा?"

आमची एजन्सी कारखान्यांच्या यंत्रांची तपासणी करायची, काही न तोडता, न फोडता. टाकी असो, बॉयलर असो, पाइप असो, बाहेरून रंग देऊन नटवलेलं लोखंड आतून कुठे झिजलंय, कुठे चिरलंय, ते शोधायचं. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करतात ना, तसंच. लोखंडावर जेल लावायचं, हातातला प्रोब टेकवायचा. आवाज आत जातो, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि पडद्यावर जाडी उमटते. खवीस सर आमचे मुख्य परीक्षक. राहायला सारसोळ्याला, जातिवंत कोळी. अर्धं आयुष्य एका अणुवीज केंद्रात तिथल्या नळ्या तपासण्यात घालवून ते आमच्याकडे आले होते, आणि ते आम्हाला रोज ऐकवत. "तिकडं चुकलं की मानूस घरी जायाचा नाय. इकडं तुमी चुकता आनि वडापाव खायाला जाता." वडापाव मात्र तेही खायचे. चटणी जास्त घालून.

माझं आणि त्यांचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. रबाळ्याच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंगची डाय टेस्ट होती. यात लोखंडाला लाल डाय फासतात, ती चिरेत मुरू देतात, मग वरची पुसून काढतात आणि पांढरी पावडर फवारतात. चीर असेल तर तिच्यातली लाल डाय पांढऱ्यावर रक्तासारखी उमटते. मी पुसायच्या वेळी क्लीनरचा फवारा थेट लोखंडावर मारला. सरांनी माझ्या हातातला कॅन हिसकावला आणि शॉपच्या पार त्या टोकाला भिरकावला. ढणढण वाजत तो वेल्डरांच्या पायाशी जाऊन थांबला. "चीर शोधायला आलीस का पुरावा धुवायला? फडक्यावर मार! फडक्यावर!" सगळे वेल्डर ग्राइंडर बंद करून माझ्याकडे बघत उभे. फवारा थेट मारला की चिरेतली डायसुद्धा वाहून जाते आणि फुटकं वेल्डिंग धडधाकट दिसतं, हे मला घरी येऊन पुस्तक उघडल्यावर कळलं. कारण तोंडाने सांगितलं असतं तर या माणसाची जीभ झडली असती का, असं मी त्या दिवशी वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, "सोडा ती नोकरी." मी सोडली नाही. त्याला जिंकू द्यायचं नव्हतं म्हणून.

पुढे सेन्सर आले. मोठमोठ्या पंपांना कायमचे चिकटवायचे, आणि पंपाची थरथर सगळी आमच्या ऑफिसच्या पडद्यावर दिसायची. आम्हाला वाटलं, आता म्हातारा रुसणार, आमच्या काळी असं नव्हतं म्हणणार. कसलं काय! ते सेन्सरच्या प्रेमात पडले. "याला बायको नाय, लोन नाय, सानपाड्याला पोचायची घाई नाय. तुमच्यापेक्षा बरा." मात्र सेन्सर कुठे बसवायचा यावरून त्यांनी एका इंजिनिअरला रडवलं होतं. त्याने सोयीची जागा बघून तो पंपाच्या पत्र्याच्या झाकणावर चिकटवला होता. "तो खोटं बोलत नाय. तू बसवलास त्या जागेचं खरं बोलतो. जागाच भिकार असली तर त्यानं काय करायचं?" आमच्यापैकी कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. तळोज्याच्या एका पंपाच्या बेअरिंगची चौकशी मात्र सोमवारी आल्या आल्या करायचे, सासरी दिलेल्या लेकीची करावी तशी.

आता मूळ गोष्टीवर येते.

माझा थोरला भाऊ माथाडी आहे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील मार्केटला पोती उचलायचे, तेच दादाने पुढे चालवलं. तो तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजला असतो. बाहेर घामाच्या धारा आणि आत कानटोपी, अशी नोकरी. ही थंडी तयार होते अमोनियाने. चेंबरच्या बाहेरच्या पॅसेजमधून अमोनियाचे पाइप जातात. त्यांच्यावर जाड थर्मोकोल आणि वरून पत्र्याचं वेष्टन. हा वायू सुटला तर डोळे-छाती जाळतो, आणि चेंबरमध्ये अडकलेल्या माणसाला पळायला तोच एक पॅसेज.

त्या कोल्ड स्टोरेजची तपासणी आमच्या एजन्सीकडे होती. पाइप थर्मोकोलाखाली, मग प्रोब टेकवायचा कुठे? त्यासाठी पूर्वी कधीतरी वेष्टनात ठिकठिकाणी गोल भोकं पाडून त्यांना रबरी टोपणं बसवली होती. आम्ही त्यांना खिडक्या म्हणायचो. दरवर्षी टोपण काढायचं, आतलं लोखंड पुसायचं, जाडी मोजायची, रंगाचा हात मारायचा, टोपण लावायचं. दरवर्षी आकडे झकास. या खिडक्यांच्या जागा ठरवल्या होत्या खुद्द खवीस सरांनी. सरळ पाइपवर, छातीच्या उंचीला, हात स्थिर राहील अशा.

एकदा जेवताना दादा म्हणाला, "शैले, तुमी ती लाइन तपासता, ती कोपऱ्याला लई घामाघूम हुती बघ. गाडा वळवताना पत्र्याला घासतो तितं. परवा डोळं बी चुरचुरलं."

माझा घास हातातच राहिला. गाडे घासून कोपऱ्यावरचा पत्रा फाटला असणार. तिथून दमट हवा थर्मोकोलात शिरणार, गार पाइपवर तिचं पाणी होणार आणि लोखंड आतल्या आत कुजणार. आणि आमच्या खिडक्या तिथे नव्हत्याच. आम्ही वर्षानुवर्षं मोजत होतो ती नेमकी तीच जागा, जी आम्ही दरवर्षी स्वतःच्या हाताने पुसून रंगवून ठेवत होतो. दरवर्षी न्हाऊमाखू घातलेलं पोर आजारी कशाला पडेल?

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, कोपऱ्यावर वेष्टन उघडून बघायला हवं. माझा भाऊ तिथे कामाला आहे हेही सांगितलं.

"जागा ठरलेल्या हायेत," ते म्हणाले. "त्याच जागी दरसाल मोजायचं, म्हनजे झीज कलते. आज इथं, उद्या तिथं भोकं पाडशील तर कशाची तुलना कशाशी करशील? आनि प्रत्येक नवीन भोक म्हनजे पानी शिरायला नवीन दार."

"पण सर, पाणी आधीच शिरलंय. दादाचे डोळे चुरचुरले."

"तुज्या भावाचे डोले काय मीटर हाय? त्याचं सर्टिफिकेट दाखव."

ऑफिसातले दोघेतिघे हसले. मी त्या माणसाचा तेवढा तिरस्कार आधी कधी केला नव्हता. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, तुलना त्याच जागेची करतात हे मलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच जास्त संताप आला. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तुला भावाची भीती वाटते. भीतीवर मी पाइप उघडत नाय."

मग मीच उघडला.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तुर्भ्याला गेले. दादाने कोपरा दाखवला. पत्रा कापायच्या कात्रीने मी वेष्टनाच्या खालच्या अंगाला एक चौकोन कापला. पाणी मुरून थर्मोकोल सुटा झाला होता, हाताने निघाला. आत पाइप दिसायला हवा होता, पण दिसले ते गंजाचे पापुद्रे, खारी बिस्किटासारखे, एकावर एक. बोट लावलं तर एक पापुद्रा गळून पडला आणि माझ्या नाकात तो वास शिरला. मी प्रोब बाहेर काढलाच नाही; तो टेकवायला गंज खरवडावा लागला असता, आणि खरवडला तर पाइपच फुटला असता. दादाला म्हटलं, कुणाला हात लावू देऊ नकोस. तो ते आतल्यांना सांगायला गेला आणि मी सरांना फोन केला.

ते आले. रिक्षातून उतरून सरळ कोपऱ्यावर. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. त्यांनी एकच विचारलं.

"खरवडलंस?"

"नाही."

ते गुडघ्यावर बसले, टॉर्च मारला, बघितलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता तसा झाला होता. मग ओरडले, पण माझ्यावर नाही. चेंबरची दारं हाताने बडवत सुटले. "बाहेर! सगले बाहेर! माल टाक तिथंच, भाड्या, बाहेर ये!" माथाडी कानटोप्या घातलेले तसेच उन्हात येऊन उभे राहिले. माझा दादा सगळ्यात शेवटी बाहेर आला, कारण तो आतल्यांना काढत होता.

कोल्ड स्टोरेजचा शेठ धावत आला. "साहेब, प्लांट बंद नका करू. चेंबर फुल आहे, सफरचंद आहे, सगळं सडेल!"

"सडू द्या. सफरचंद सडलं तर फेकता येतंय."

"पण तुमचाच रिपोर्ट आहे ना! दरवर्षी सगळं बरोबर लिहिलंय!"

"बरोबरच हाय. जिथं मोजलं तिथं बरोबरच हाय." सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. आजूबाजूला माथाडी, ऑपरेटर, शेठची माणसं, मी. "जागा मी ठरवल्या. चुकीच्या ठरवल्या. ही चूक या पोरीची नाय, कोनाचीच नाय, माजी हाय. आता प्लांट बंद कर."

प्लांट बंद झाला. लाइनीतला अमोनिया मागे ओढून घेतला, पाइपचा तो तुकडा कापून काढला आणि जमिनीवर ठेवला. वळणाच्या खालच्या बाजूला सरांनी अंगठा दाबला. अंगठा लोखंडातून आत गेला. दादा माझ्या शेजारीच उभा होता. त्याने नुसतं "आयला" म्हटलं.

आता कुणी म्हणेल, संपली गोष्ट, मुलीचं खरं झालं, सरांनी पाठ थोपटली. थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ऑफिस असताना त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

मला आधी कळलंच नाही.

"अमोनियाची चालू लाइन. परवानगी नाय, मास्क नाय, सोबत ऑपरेटर नाय. चेंबरमध्ये मान्सं असताना कात्री लावलीस. कात्रीचं टोक जरा आत गेलं असतं तर?"

"आणि मी उघडलं नसतं तर?" मी ओरडले. खरंच ओरडले. "तुम्हाला तीनदा विचारलं होतं!"

"नसतं उघडलंस तर तुजा भाव मेला असता. उघडलंस तसं उघडल्यावर पन मरायचा होता. नाय मेला ते नशीब. नशिबावर मी मान्सं ठेवत नाय."

मी पर्स उचलली. माझ्या मनात आलेल्या शिव्या मी इथे लिहिणार नाही, त्यातल्या दोन तर मला माथाड्यांच्या घरात वाढल्यामुळेच येतात. दारापर्यंत पोचते तोच मागून काहीतरी टक्कन वाजलं. परीक्षकाचा एक पोलादी शिक्का असतो, तपासलेल्या लोखंडावर हातोडीने ठोकायचा. प्रत्येकाचा वेगळा. तो शिक्का उमटला की त्या लोखंडाची जबाबदारी त्या माणसाची. सरांनी आपला शिक्का एजन्सीच्या मालकाच्या टेबलावर ठेवला होता. मालक म्हणत होते, "अहो, बसा, असं काय करता?" सरांनी डब्याची पिशवी घेतली आणि माझ्यामागोमाग बाहेर पडले.

बसस्टॉपवर आम्ही दोघंच. मला ऑफिसातून काढणारा आणि मी, एकाच बसची वाट बघत. यापेक्षा वाईट सकाळ मी पाहिलेली नाही. मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले,

"कात्रीनं कापायचं नाय कधी. वेष्टनाच्या सांध्याला पट्टी असते. ती सोडवायची, पत्रा हातानं उलगडायचा. टोकदार काय आत न्यायचंच नाय."

"मला शिकवू नका. तुम्ही मला काढलंय."

"काढलंय म्हनून सांगतोय. कामावर असतीस तर करून घेतलं असतं."

बस आली. ते पुढच्या सीटवर बसले, मी मुद्दाम सगळ्यात मागे.

मला रबाळ्याच्या दुसऱ्या एका एजन्सीत काम मिळालं. तिथे मी आज परीक्षक आहे. माझ्या हाताखालची मुलं जुन्या खिडक्यांतून मोजतात, शिवाय दरवर्षी काही नव्या जागा उघडतात. गाडे घासतात तिथल्या, पाणी साचतं तिथल्या, खाली वाकून हात घालावा लागतो तिथल्या. उघडताना कुणाच्या हातात कात्री दिसली तर मी जे बोलते ते ऐकून एक मुलगी मागे टॉयलेटमध्ये जाऊन रडली. मला तिची दया आली, पण मी तिला बोलावून समजावलं वगैरे नाही. मुलं मला पाठीमागे काय म्हणतात त्याची मी चौकशी करत नाही.

सर त्यानंतर कुठे नोकरीला लागले नाहीत. बोलावणी आली होती म्हणे, गेले नाहीत. मला ते एकदाच दिसले, सीवूड्सच्या मॉलमध्ये. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहून सिक्युरिटीवाल्याशी भांडत होते. जिन्याचं बेअरिंग गेलंय, आवाज ऐक, म्हणत होते. तो पोरगा म्हणत होता, "अंकल, बाजूला व्हा, पब्लिकला त्रास होतोय." ते बाजूला होत नव्हते. शर्ट अंगावर लोंबत होता. मी पुढे जाऊन ओळख दिली असती तर त्या पोराने त्यांचं ऐकलंही असतं कदाचित. माझ्या गळ्यात एजन्सीचं कार्ड होतं. मी गेले नाही. माझ्यावर हसलेलं ते ऑफिस मला आठवलं, आणि मी लिफ्टने खाली गेले.

ते वारल्याचा फोन मला जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने केला. सुट्टीचा दिवस होता, दादा घरीच होता. मी त्याला सांगितलं, सहज सांगावं तसं. तो उठला आणि जुना शर्ट शोधायला लागला.

"कुठे निघालास?"

"मातीला. येतीयस?"

"नाही."

"आगं, आता कसलं वैर?"

"माझं आहे अजून."

दादाने वाद घातला नाही. चप्पल घालताना एवढंच म्हणाला, "त्यानं दार बडवलं तवा मी आत हुतो." आणि गेला. सारसोळ्याला तो आयुष्यात पहिल्यांदा जात होता, तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

मी घरात राहिले. कपाट आवरलं, वहिनीशी उगाच भांडले. दुपार उलटल्यावर गॅसवर आंघोळीचं पाणी ठेवलं, कारण मातीवरून आलेला माणूस न्हाल्याशिवाय घरात वावरत नाही.

दादा आला. कशाला न शिवता सरळ न्हाणीकडे गेला. जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाला, "खांदा दिला. पोती ह्याच्यापरीस जड असत्यात."

मग आतून पाण्याचा आवाज येऊ लागला. तांब्याचा, त्याच्या खोकण्याचा, अंगावर गरम पाणी पडलं की तो काढतो त्या हुऽऽ करण्याचा. आमच्या घरात रोज ऐकू येतात तेच आवाज. मी दाराबाहेर उभी होते आणि मला रडू फुटलं, तोंडात पदराचा बोळा कोंबावा लागेल असं. वहिनी स्वयंपाकघरातून आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"त्या माणसासाठी नाही," मी म्हटलं.

"बरं," वहिनी म्हणाली. "तेवढा साबण द्या ह्यांना आत. मघापासून मागतायत."